वाइनच्या तळाशी बसतो तो ‘लीज’: शब्द कुठून आला आणि त्या गाळाचं करायचं काय

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून आणलेली द्राक्षासवाची बाटली दोन-तीन महिने फडताळात उभी राहिली, की तळाशी तपकिरी थर धरतो. हलवली की वर उठतो, ठेवली की पुन्हा खाली बसतो. बघणाऱ्याला वाटतं, औषध नासलं. नासलेलं नसतं. द्राक्षाचा किंवा मनुकांचा रस आंबवला की त्याला गाळ बसतोच, आणि आसवात तर धायटीची फुलं आणि बाकीच्या वनस्पतींचे बारीक कणही असतात. वाइनमध्ये बसणाऱ्या अशाच गाळाला इंग्रजीत ‘लीज’ म्हणतात.

कोल्हापुरात ‘लीज’ म्हटलं की आधी शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला प्लॉट आठवतो. त्या भाडेपट्ट्याच्या लीजशी याचा काही संबंध नाही. उच्चारही थोडा वेगळा आहे. भाडेपट्ट्याच्या शब्दात शेवटी ‘स’ येतो, वाइनच्या शब्दात ‘झ’च्या जवळचा ‘ज’. शिवाय वाइनचा ‘लीज’ कायम अनेकवचनी. एकवचनी ‘ली’ इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ वाऱ्याचा आडोसा, म्हणजे तो शब्दही निराळाच.

आता अर्थ नेमका करून घेऊ, कारण इथे गल्लत फार होते. द्राक्ष दाबून रस काढल्यावर जे साल, बी आणि देठ उरतात तो चोथा. तो लीज नव्हे. लीज म्हणजे रस आंबत असताना आणि आंबून झाल्यावर द्रवातून खाली बसलेला साका. त्यात बहुतांश मेलेल्या यीस्टच्या पेशी असतात. त्यांच्यासोबत द्राक्षाच्या गराचे सूक्ष्म तुकडे, प्रथिनं, रंगद्रव्यं, टॅनिन नावाची तुरट द्रव्यं, काही जिवाणू आणि टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे खडे असतात. आपल्याकडे कोणी याला ‘मळी’ म्हणेल, तर तेही जुळत नाही. गुऱ्हाळावरची मळी म्हणजे काहिलीत रस तापताना वर येणारा मळ, तो वरूनच काढून टाकतात. साखर कारखान्याची मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा पाक, ज्याच्यापासून डिस्टिलरीत स्पिरिट होतं. लीज खाली बसतो आणि त्यात साखर जवळजवळ नसतेच, कारण ती यीस्टनं आधीच खाल्लेली असते.

शब्दाचं मूळ

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, आणि तो आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘ली’ या शब्दावरून. फ्रेंचमध्ये आजही वाइनच्या गाळाला ‘ली’च म्हणतात. त्याच्याही मागे मध्ययुगीन लॅटिनमधला ‘लिया’ आहे. पण हा शब्द मुळात लॅटिनचा नसावा, असं भाषेच्या अभ्यासकांचं मत आहे. रोमन लोक येण्याआधी आजच्या फ्रान्समध्ये गॉल लोक राहत होते. त्यांच्या केल्टिक भाषेतल्या ‘गाळ’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला असावा. त्याच कुळातल्या जुन्या आयरिश भाषेत ‘लिगे’ म्हणजे बिछाना, पडून राहणं. या सगळ्यांच्या मुळाशी ‘आडवं पडणं’ या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू मानतात, आणि इंग्रजीतला ‘लाय’, म्हणजे पडणं किंवा पहुडणं, हाही त्याच धातूचा. म्हणजे लीज या शब्दाचा मुळातला अर्थ ‘खाली पडून राहिलेलं’ इतका साधा आहे. इंग्रजीतला दुसरा ‘लाय’, खोटं बोलण्याचा, तो या घराण्यातला नाही.

लॅटिनचा स्वतःचा शब्द वेगळा होता: ‘फेक्स’, अनेकवचनी ‘फेसीस’. अर्थ तोच, वाइनचा गाळ. हा शब्द इंग्रजीत गेला आणि घसरत घसरत थेट शौचालयात पोचला. पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टावर जो ‘फीसीस’ लिहिलेला असतो, तो हाच. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ नुसता ‘गाळ’ होता. ‘डेफिकेट’ या क्रियापदाचा सोळाव्या शतकातला अर्थही ‘गाळ काढून द्रव स्वच्छ करणं’ असाच होता. त्या काळी दारूच्या संदर्भात तो बिनदिक्कत वापरत असत. आज कोणत्याही वायनरीनं लेबलवर तो छापून बघावा!

इंग्रजीत ‘ड्रेग्ज’ हा आणखी एक शब्द चालतो. तो उत्तरेकडून, जुन्या नॉर्स भाषेतून आला. दोघांचा अर्थ जवळजवळ सारखा, पण वापरात फरक पडला आहे. ड्रेग्ज म्हटलं की टाकाऊ, उरलंसुरलं, कपाच्या तळाशी राहिलेलं. वाइन करणारे मात्र कामाबद्दल बोलताना ‘लीज’च म्हणतात, आणि त्यात तुच्छता नसते. कारण हा गाळ त्यांच्या कामाचा असतो.

शब्दाची ही दोन तोंडं जुनीच आहेत. १६११ मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये लीज दोन्ही अर्थांनी येतो. यशयाच्या पुस्तकात मेजवानीला लीजवर मुरलेली, गाळून स्वच्छ केलेली वाइन आहे, म्हणजे चांगली. यिर्मयाच्या पुस्तकात मवाब देशाला गाळावर बसून राहिलेल्या वाइनसारखं म्हटलंय: एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कधी ओतलं गेलं नाही, म्हणून चव तीच राहिली आणि वासही बदलला नाही, म्हणजे इथे तो ठपका. वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून गाळावेगळी करणं हे काम किती जुनं आहे, त्याचा हा पुरावाच म्हणायचा.

आपल्याकडेही या गाळाला नावांचा तोटा नव्हता. संस्कृत वैद्यकात सुरेच्या एकेका थराला वेगळं नाव आहे. वरचा निवळ भाग ‘प्रसन्ना’, त्याखालचा जरा दाट थर ‘कादंबरी’, त्याखाली ‘जगल’, आणि जगलापेक्षा घट्ट तो ‘मेदक’. आंबवण घडवून आणणाऱ्या द्रव्याला ‘सुराबीज’ किंवा ‘किण्व’ म्हणत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘किण्वन’ हा शब्द इथूनच आला. सूक्ष्मदर्शक नसतानाही त्याला बी म्हणणाऱ्याचं निरीक्षण पक्कं होतं. इंग्रजीत मात्र यीस्टला एक शब्द आणि त्याच्या गाळाला दुसरा. जर्मनमध्ये ‘हेफं’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो.

गाळ किती, कसला आणि कधी बसतो

वाइनच्या द्राक्षाच्या रसात लिटरमागे साधारण २०० ते २४० ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, असा ढोबळ हिशोब. साखर संपली, अल्कोहोल १२-१३ टक्क्यांवर गेलं, की यीस्टचं खाणं संपतं आणि पेशी मरून खाली बसू लागतात. हजार लिटरच्या टाकीत ४०-६० लिटर गाळ सहज निघतो. तो गाळ म्हणजे कोरडा चिखल नव्हे. त्यात निम्म्याहून जास्त वाइनच अडकलेली असते. म्हणून मोठ्या वायनरी तो फिल्टर प्रेसमधून दाबून आतली वाइन परत मिळवतात.

कामाच्या दृष्टीनं या गाळाचे तीन प्रकार पडतात आणि तिघांशी वागणं वेगळं.

पहिला आंबण्याआधीचा, म्हणजे काटेकोर अर्थानं लीज नव्हे, पण टाकीत बसणारा गाळच. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष दाबून निघालेला रस गढूळ असतो. तो १० अंशांच्या आसपास थंड करून १२ ते २४ तास स्थिर ठेवतात. सालीचे तुकडे, माती आणि गर खाली बसतो, आणि वरचा रस दुसऱ्या टाकीत घेतात. इथे नवखा माणूस हमखास चुकतो, कारण त्याला रस काचेसारखा स्वच्छ हवा असतो. इतका स्वच्छ रस यीस्टला उपाशी ठेवतो, आणि आंबवण अर्ध्यात थांबून वाइन गोडसर राहते. उलट फार गढूळ रस आंबवला तर गंधकाचे वास येतात. म्हणून गढूळपणा मोजायच्या यंत्रावर १०० ते २०० एनटीयूच्या आसपास थांबतात. डोळ्यांना तो रस अजून धूसरच दिसतो.

दुसरा जाड गाळ. आंबवण थांबल्यावर टाकी ढवळली, तर २४ तासांच्या आत जे खाली बसतं ते हे. कण एक दशांश मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे बोटाला जाणवतील इतके. यात यीस्टच्या गुठळ्या, गर आणि खडे असं सगळंच येतं.

तिसरा बारीक गाळ. दिवसानंतरही तरंगत राहतो आणि आठवडेच्या आठवडे घेत बसतो. यात जवळजवळ निव्वळ यीस्ट असतं. चांगली वाइन घडते ती या तिसऱ्यावर.

बारीक गाळाला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर आकारात आहे. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. कण निम्म्या आकाराचा असेल, तर वेग निम्मा नव्हे, पाव होतो. यीस्टची एक पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. एकटी असेल, तर स्थिर वाइनमध्ये दिवसाला काही सेंटिमीटर एवढीच खाली सरकते. तीन-चार मीटर उंच टाकीत ती तळाशी कधी पोचायची? त्यात दिवसा टाकीचा बाहेरचा भाग तापला, की आतली वाइन वर-खाली फिरू लागते आणि जे बसत आलं होतं ते पुन्हा उठतं. म्हणूनच २२५ लिटरच्या लाकडी पिंपात वाइन लवकर निवळते आणि उंच टाकीत रेंगाळते.

कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नाही. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून काढलेलं पांढरं पाणी रात्रभर न हलवता ठेवायचं आणि सकाळी वरची निवळ हलक्या हातानं ओतून काढायची. पातेल्याला धक्का लागला की सगळं पुन्हा दुधी. वायनरीत कृती हीच, फक्त ठेवायचं वरचं आणि तळाशी उरतं ते बाजूला.

गाळावेगळी करणं

वाइन एका टाकीतून दुसरीत घेऊन गाळ मागे ठेवण्याच्या कामाला वायनरीत ‘रॅकिंग’ म्हणतात. जाड गाळापासून पहिली रॅकिंग आंबवण संपल्यावर काही दिवसांत, फार तर पंधरवड्यात उरकतात. टाकीला दोन तोंडं असतात. एक अगदी तळाला, गाळ सोडायला. दुसरं तळापासून वीतभर वर, स्वच्छ वाइन काढायला. वरच्या तोंडाला नळी जोडायची, पंप सगळ्यात कमी वेगावर ठेवायचा आणि दुसऱ्या टाकीत नळीचं टोक तळापर्यंत न्यायचं, म्हणजे वाइन वरून धो धो पडून हवा धरत नाही. पांढऱ्या वाइनसाठी घ्यायची टाकी आधी कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजननं भरून घेतात. नळीतली काचेची खिडकी गढूळ दिसली की पंप बंद. शेवटचे पाच-दहा लिटर मिळवण्याच्या हव्यासापायी अर्धी टाकी गढूळ होते, आणि मग पुन्हा आठवडाभर वाट बघावी लागते.

हे वेळेवर केलं नाही तर काय होतं? जाड गाळाचा थर दोन-चार इंच झाला की त्याच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही. मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यातल्या गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याचा वास सडलेल्या अंड्याचा. लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. तेवढ्यावर लक्ष गेलं तर वाचवता येतं: हवा लागू देत रॅकिंग केली की बराचसा वास उडून जातो. दुर्लक्ष झालं तर तोच गंधक अल्कोहोलशी जुळून मरकॅप्टन बनतात आणि वास कांद्याचा, जळक्या रबराचा होतो. तोही पुढे डायसल्फाइडमध्ये गेला, की साध्या उपायांनी निघत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. दोन ग्लासांत तीच वाइन घ्यायची. एकात घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार घालून मिनिटभर ढवळायची आणि मग दोन्हींचा वास घ्यायचा. तारेच्या ग्लासातला वास गेला, तर दोष हायड्रोजन सल्फाइडचा किंवा मरकॅप्टनचा, आणि तांब्यानं सुधारणारा. दोन्ही ग्लास सारखेच घाण येत असतील, तर प्रकरण पुढे गेलेलं. तपासलेल्या ग्लासातली वाइन प्यायची नाही. वायनरी कॉपर सल्फेट वापरतात तेही प्रयोगशाळेत मोजून, आणि वाइनमध्ये शेवटी लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं उरू देत नाहीत.

या वासाचं मूळ बऱ्याचदा टाकीत नसतं, बागेत असतं. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातल्या बागायतदाराला भुरी रोगावरची गंधकाची फवारणी पाठ आहे. काढणीच्या तोंडावर ती झाली, तर मण्यांवर राहिलेला गंधक रसात उतरतो आणि यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करून टाकतं. वाइनसाठी माल द्यायचा असेल, तर शेवटची फवारणी आणि काढणी यांत निदान महिन्या-सव्वा महिन्याचं अंतर हवं. दुसरं कारण म्हणजे रसात नायट्रोजन कमी पडणं. यीस्टला लिटरमागे किमान १५० मिलिग्रॅम तरी नायट्रोजन लागतो. तो नसेल तर उपाशी यीस्ट रसातल्या प्रथिनांतला नायट्रोजन उपसायला जातं आणि गंधक बाहेर सोडतं. त्यावर वायनरी खाद्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट घालतात. होय, डीएपीच. पोत्यातलं खत नव्हे, शुद्ध केलेलं.

मुद्दाम गाळावर ठेवणं

जाड गाळ काढला की उरलेल्या बारीक गाळावर वाइन ठेवणं ही चूक नव्हे, पद्धत आहे. लेबलवर ‘एज्ड ऑन लीज’ किंवा फ्रेंचमध्ये ‘स्युर ली’, म्हणजे ‘गाळावर’, असं लिहिलेलं दिसतं ते याचसाठी.

आत चालतं काय, तर मेलेल्या यीस्टचे स्वतःचेच पाचक रस तिची पेशी आतून विरघळवू लागतात. पेशीच्या भिंतीतून मॅनोप्रोटीन नावाची साखर-प्रथिनाची संयुगं वाइनमध्ये उतरतात. त्यांनी वाइन तोंडात भरीव लागते, टॅनिनचा तुरटपणा बोथट होतो, आणि बाटलीत खडे धरण्याची शक्यताही कमी होते. अमिनो आम्लांमुळे भाजलेल्या पावासारखा, बदामासारखा वास येतो. शिवाय गाळ ऑक्सिजन शोषून घेतो, त्यामुळे वाइन हवेनं तपकिरी पडत नाही. शार्दोने या पांढऱ्या वाइनच्या पिंपात तोंडातून काठी घालून हा गाळ आठवड्यातून एकदा ढवळतात. फ्रेंचमध्ये काठीवरूनच त्याला ‘बातोनाज’ हे नाव पडलं. ढवळल्यानं गाळाचा घट्ट थर होत नाही, म्हणजे वासाची भीती कमी. पण रोज ढवळत बसलं, तर हवा लागून वाइन फिकी होते. जास्त निगा म्हणजे चांगली वाइन, असं नाही.

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या मुखाजवळ, नांत शहराच्या भोवती मस्कादे नावाची हलकी पांढरी वाइन होते. तिची ‘स्युर ली’ जात हिवाळाभर गाळावर राहते आणि मार्चनंतर त्याच गाळावरून थेट बाटलीत जाते. मधे दुसऱ्या टाकीत नेत नाहीत, म्हणून विरघळलेला थोडा वायू तसाच राहतो आणि जिभेला किंचित चुणचुण लागते.

शँपेनची गोष्ट याच्याही पुढची, कारण तिथे गाळ टाकीत नव्हे, बाटलीतच तयार होतो. तयार वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण होते, वायूला वाट नसते, आणि दाब सहा बारपर्यंत चढतो. मग बाटल्या आडव्या पडून राहतात. साध्या शँपेनला कायद्यानं एकूण १५ महिने, त्यातले किमान १२ गाळावर. एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं. अवघड काम त्यानंतरचं. गाळ काढायचा, पण वायू जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी भोकं पाडलेल्या उतरत्या लाकडी फळ्यांत बाटल्या तोंडाकडून खोचतात आणि रोज थोड्या फिरवत, थोड्या उभ्या करत जातात, म्हणजे गाळ घसरत घसरत झाकणापाशी येतो. १८१०च्या दशकात व्हव क्लिको या विधवा मालकिणीच्या तळघरात ही युक्ती बसवली गेली, असं मानतात. हातानं करायला दीड-दोन महिने लागतात. आता ५०० बाटल्यांचा पिंजराच यंत्र फिरवतं आणि आठवड्यात काम होतं. शेवटी बाटलीची मान उणे २५ अंशांच्या द्रावणात बुडवतात, गाळाचा बर्फाचा गोळा होतो, झाकण उघडलं की आतला दाब तो गोळा बाहेर फेकतो. नाशिककडच्या काही वायनरीही बुडबुड्यांची वाइन याच पद्धतीनं करतात.

आपल्या हवेची अडचण मात्र पुस्तकात नसते. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात आणि वाइन गाळावर बसते तेव्हा बाहेर हिवाळा असतो. तळघर फुकटात थंड. महाराष्ट्रात काढणी जानेवारी ते मार्च, आणि पाठोपाठ एप्रिल-मे. म्हणजे वाइनला सगळ्यात जास्त स्वस्थता हवी, तेव्हाच पलूसच्या वाइन पार्कात काय आणि विंचूरच्या काय, पत्रा तापलेला असतो. गाळावरची वाइन २५ अंशांच्या वर गेली की पेशी झपाट्यानं फुटतात, जिवाणूंचं फावतं आणि वास बिघडतो. म्हणून इथे टाकीला दुहेरी भिंत करून मधून ग्लायकॉल हे थंड केलेलं, न गोठणारं द्रव फिरवावं लागतं, आणि लीजवरची वाइन महाग पडते ती त्या विजेच्या बिलानं. वीज गेली तर जनरेटर हवाच. लेबलवर ‘लीज’ दिसला म्हणजे वाइन श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. मात्र महाराष्ट्रात कोणी हे नीट जमवलं असेल, तर त्यानं उन्हाळ्यात टाकीवर लक्ष ठेवलं, एवढं नक्की.

खडे दिसले तर

बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे चकाकते खडे दिसले की गिऱ्हाईक घाबरतं. हा बहुधा पोटॅशियम बायटार्ट्रेट असतो. द्राक्षात टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर, आणि त्यांचा क्षार थंडीत आणि अल्कोहोलमध्ये कमी विरघळतो. त्यामुळे रसात विरघळलेला असतो तो वाइनमध्ये खाली पडतो, आणि बाटली फ्रिजमध्ये गेली की आणखी पडतो. वायनरी भरण्याआधी वाइन उणे चार अंशांपर्यंत थंड करून आठवडा-दोन आठवडे ठेवतात, ते हे खडे टाकीतच धरावेत म्हणून. ज्या वायनरी ही पायरी गाळतात, त्यांच्या बाटलीत ते दिसतात. शंका असेल तर चावून बघू नका. खडे चमच्यात घेऊन त्यावर उकळतं पाणी ओता आणि ढवळा. विरघळले तर क्षार, नाही विरघळले तर बाटली दुकानात परत.

हाच क्षार पिंपांच्या भिंतीवरून आणि गाळातून खरवडून, शुद्ध करून विकतात. बेकरीवाल्यांकडे ‘क्रीम ऑफ टार्टर’ असतं ते तेच. अंड्याचा पांढरा भाग फेटताना एका अंड्याला चमच्याचा आठवा भाग घातला तर फेस टिकतो. १७६९ मध्ये स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी याच्यापासून टार्टारिक आम्ल वेगळं केलं. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली निवडून दोन ढीग केले, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. रेणूंना डावं-उजवं असतं, हे रसायनशास्त्राला तिथे कळलं.

बाटली घरी आल्यावर

ताज्या वाइनला गाळ सहसा नसतोच. असतो तो गाळणी न लावता भरलेल्या बाटल्यांत आणि आठ-दहा वर्षं जुन्या लाल वाइनमध्ये. जुन्या लालमधला गाळ यीस्टचा कमी आणि रंगद्रव्य व टॅनिन एकमेकांना चिकटून जड झालेल्या कणांचा जास्त. तो अपायकारक नाही, पण कडवट असतो आणि दाताखाली किरकिरतो.

अशी बाटली आडवी ठेवलेली असेल तर उघडण्याआधी निदान २४ तास, फार जुनी असेल तर दोन दिवस, उभी ठेवा. मे महिन्यात ती स्वयंपाकघरात नको, फ्रिजच्या दारातही नको, कारण दार उघडझाप झालं की गाळ उठतो. घरातली सगळ्यात गार आणि न हलणारी जागा बघा. बूच काढताना बाटली टेबलावरच राहू द्या. मग स्वच्छ काचेचं भांडं घ्या, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकाच धारेत, मधे न थांबता ओता. थांबलात की वाइन मागे आपटते आणि गाळ ढवळतो. मानेत काळपट धागा सरकताना दिसला की हात थांबवा. तळाची दोन बोटं वाइन गेली असं समजा.

तीही वाया घालवायची नसेल, तर मलमलीच्या फडक्याचा उपयोग नाही, हे कण त्यातून आरपार जातात. कॉफीचा कागदी फिल्टर आधी गरम पाण्यानं धुऊन, म्हणजे कागदाचा वास उतरत नाही, त्यातून ती थेंब थेंब गाळा. वीस मिनिटं लागतील. ही वाइन प्यायला फिकी लागते, मटणाला मुरवायला लावा.

घरी द्राक्षं आंबवून हे सगळं करून बघायचा मोह होत असेल, तर महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय वाइन बनवणं गुन्हा आहे. गाळ बसताना नुसता बघायचाच असेल, तर दशमूलारिष्टाची बाटली आणा, हलवा, खिडकीत उभी ठेवा आणि थर किती तासांत किती चढतो ते बाहेरून पेनानं खुणा करत मोजा. आधी जाड कण बसतील आणि बारीक मागे राहतील.